फेराइट जास्त भाजलं की घनता वाढते, मग कोअर्सिव्हिटी का पडते?

तुमच्या स्ट्रॉन्शियम फेराइटच्या (कायम चुंबकाचं सिरॅमिक) पेलेटची, म्हणजे दाबलेल्या वडीची, घनता १२२० अंश सेल्सिअसला ४.७ ग्रॅम प्रति घन सेंमी आली, १३०० ला ५ च्या जवळ गेली, एक्सआरडीत (क्ष-किरण तपासणीत) रवेही, म्हणजे आतले बारीक स्फटिक, जास्त एका दिशेला दिसले, पण कोअर्सिव्हिटी (उलट क्षेत्रात चुंबकत्व टिकवण्याची ताकद) निम्म्यावर आली. भट्टीत दोष नाही, १३०० अंश जास्त झाले.

चुंबकीय क्षेत्रात दाबताना बहुतेक कणांचा सी-अक्ष (स्फटिकाची चुंबकत्वाला सोयीची दिशा) क्षेत्राच्या दिशेने बसतो, थोडे वाकडे राहतात. भाजताना मोठे रवे शेजारच्या बारक्यांना गिळून वाढतात. सरळ बसलेले संख्येने जास्त, त्यामुळे वाकडेच जास्त संपतात. म्हणून एक्सआरडीच्या आलेखात सरळ रव्यांची (००६), (००८) ही शिखरं उंचावतात, वाकड्यांची (१०७), (११४) ही दबतात. पण कच्च्या पेलेटमध्ये दिशाच नसेल तर भट्टी ती आणून देत नाही.

याची किंमत कोअर्सिव्हिटीत मोजावी लागते. रवा एक मायक्रॉनच्या बराच पुढे गेला की त्यात अनेक डोमेन (वेगवेगळ्या दिशेने चुंबकित झालेले भाग) तयार होतात, त्यांच्या भिंती सहज सरकतात.

म्हणून घनता तापमानाने नाही, दळणाने मिळवा. कॅल्साइन केलेली (आधी एकदा भाजून फेराइट बनवलेली) पावडर बॉल मिलमध्ये एक मायक्रॉनच्या खाली आणा. दळतानाच कॅल्शियम कार्बोनेट आणि सिलिका वजनाच्या साधारण अर्धा-अर्धा टक्का टाका. दोन्ही मिळून वितळलेला पातळ थर बनतो, तो पोकळ्या भरायला मदत करतो. सिलिका रव्यांची वाढ रोखते. जास्त पडली तर मात्र घनताच अडते. मग १२०० ते १२३० अंशांवर एक तास पुरे.

आपल्या मराठवाड्यात बोअरचं पाणी क्षारांचं. दळायला डिस्टिल्डच घ्या, नाहीतर कॅल्शियमचा हिशेब चुकतो आणि कणांच्या गुठळ्या होतात. गुठळीतला कण क्षेत्रात फिरत नाही. ओली पेलेट उन्हाळ्यात पंख्याखाली वाळवली तर तडकणारच. झाकून, सावकाश वाळवा. ऐन १२०० वर वीज गेली तर ती बॅच तुलनेत धरू नका, पुन्हा तापवल्याने रव्यांना जादा वेळ मिळतो.

एक्सआरडीआधीची सोपी तपासणी: भाजल्यावर क्षेत्राच्या दिशेने आणि आडवं, दोन्ही आकुंचन मोजा. दिशा नीट बसली असेल तर क्षेत्राच्या दिशेने स्पष्ट जास्त येतं. जवळजवळ सारखं आलं तर दोष दाबण्यात आहे.

आणि ४.७ हा आकडा पेलेटची लांबी-रुंदी मापून काढला असेल तर आर्किमिडीजच्या पद्धतीने, म्हणजे पाण्यात बुडवून वजन करून, पुन्हा बघा. उघड्या छिद्रांत पाणी शिरतं, म्हणून कोरडं, पाण्यातलं आणि पाणी मुरलेलं अशी तिन्ही वजनं घ्या. सैद्धांतिक घनता ५.१ धरा.