इंग्रजीच्या तासाला आधी गोष्ट

मॅडम, पहिलीला लगेच एबीसीडी गिरवायला लावू नका. आधी गोष्ट सांगा. आपल्या नाशिकच्या मुलांना द्राक्षं ठाऊक आहेत, तर शेळीला मांडवावरचा घड हवाय, एवढीच गोष्ट पुरे. खरा घड वर्गात न्या. कमी दिसणारं मूल तो चाचपेल, वास घेईल, आणि ‘ग्रेप्स’ तिथेच पक्का होईल. ‘जंप, गोट, जंप!’ हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा येऊ द्या. कुणी उडी मारेल, व्हीलचेअरवरची मुलगी हात उंचावेल. दोघांनाही अर्थ कळला.

खिडकीकडे पाठ करून उभ्या राहू नका. चेहरा अंधारात जातो आणि कमी ऐकू येणाऱ्या मुलाला ओठ दिसत नाहीत. हे मला फार उशिरा कळलं. माझ्या वर्गातला एक मुलगा वर्षभर नुसता हसून मान हलवायचा. अजून वाईट वाटतं.

पेठ-सुरगाण्याकडच्या मुलांना शेळीचा त्यांच्या बोलीतला शब्द जरूर विचारा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. त्यातले काही, डिस्लेक्सियासारखे (म्हणजे वाचायला-लिहायला जड जाणं), वरून दिसतच नाहीत. वाचताना अडखळणाऱ्याला आळशी म्हणू नका. त्याला चित्रं क्रमाने लावू द्या, गोष्ट तोंडी सांगू द्या, आणि तोच त्याचा पेपर समजा.