आफ्रिकेवरचे छोटे माहितीपट कुठून बघायला सुरुवात करावी? पॅरिसपासून

तुमचा प्रश्न असा: "आफ्रिकेवर माहितीपट शोधले की सिंह, दुष्काळ आणि मागे एका साहेबाचा धीरगंभीर आवाज, एवढंच मिळतं. तिथल्या आणि तिथून बाहेर गेलेल्या माणसांच्या जगण्यावर अर्ध्या-पाऊण तासात बघून होईल असं काही आहे का? कुठून सुरुवात करू?"

पॅरिसपासून करा. चेष्टा नाही करत.

१९५५ साली पोलाँ सुमानू व्हिएरा आणि त्याच्या मित्रांनी 'आफ्रिक सुर सेन' हा एकवीस मिनिटांचा कृष्णधवल माहितीपट केला. नावाचा अर्थ, सेन नदीकाठची आफ्रिका. सहाराच्या दक्षिणेकडच्या लोकांनी स्वतः केलेल्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटांत त्याचं नाव घेतात. सुरुवातीला आफ्रिकेतल्या नदीत डुंबणारी पोरं दिसतात. मग नदी बदलते आणि उरलेला सगळा वेळ आपण पॅरिसमध्ये असतो. विद्यार्थी, कॅफे, रस्ते, हातात हात घालून चाललेली गोरी-काळी जोडपी.

असं का? तर या मंडळींना आपल्याच मुलखात जाऊन चित्रीकरण करायचं होतं आणि परवानगी मिळाली नाही. फ्रेंच सरकारने १९३४ साली एक हुकूम काढला होता. तेव्हाचा वसाहतमंत्री पिएर लाव्हाल, त्याच्याच नावाने तो ओळखला जातो. वसाहतीत कॅमेरा चालवायचा तर आधी अर्ज, संहिता, माणसांची माहिती, आणि मग साहेबाची मर्जी. व्हिएरा मूळचा आजच्या बेनिन देशातल्या पोर्तो-नोव्होचा. लहानपणीच शिक्षणासाठी फ्रान्सला पाठवलेला, पॅरिसच्या सरकारी चित्रपटशाळेतून शिकून बाहेर पडलेला. एवढं शिकूनही घरच्या अंगणात कॅमेरा लावायची सोय नाही. म्हणून परक्या शहरातच आपली माणसं शोधत हे सगळे हिंडले. 'तिथली' आणि 'तिथून बाहेर गेलेली' अशी तुम्ही जी विभागणी केली आहे ना, ती या चित्रपटापासूनच टिकत नाही.

चित्रपट म्हणून तो फार थोर आहे असं मला वाटत नाही. निवेदन अलंकारिक आहे, शाळेतल्या निबंधासारखं. पण मी तो तीनदा बघितला, कारण त्यात एकही माणूस कॅमेऱ्याकडे घाबरून बघत नाही.

त्या हुकुमाचा फटका गोऱ्यांनाही बसला. रने व्होतिए हा एकवीस वर्षांचा फ्रेंच मुलगा. पश्चिम आफ्रिकेतली माणसं कशी राहतात ते फ्रान्समधल्या शाळकरी मुलांना दाखवायचं, एवढ्या साध्या कामावर त्याला पाठवलं होतं. त्याने तिथली पिळवणूक आणि जाळलेली गावं चित्रित केली. बरीचशी रिळं जप्त झाली, वाचली त्यातून सतरा मिनिटांचा 'आफ्रिक ५०' उभा राहिला. त्याला तुरुंगवास झाला आणि चित्रपट चाळीसएक वर्षं फ्रान्समध्ये उघडपणे दाखवता आला नाही. हा युट्यूबवर सापडतो. आवाज कर्कश आहे, निवेदक जवळजवळ ओरडतो. ओरडू द्या.

आता त्या साहेबाच्या आवाजाबद्दल. माझ्या वयाच्या लोकांना तो मराठीत आणि हिंदीत पाठ आहे. टॉकीजमध्ये पिक्चरच्या आधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट लागायचा. धरण, कुटुंबनियोजन, सुधारित बियाणं. पडद्यावरचा शेतकरी तोंड हलवायचा आणि बोलायचा मात्र दुसराच कुणीतरी. आम्ही पोरं तेवढ्या वेळात शेंगदाणे घेऊन यायचो. त्या आवाजाला कुणी उलट उत्तर दिलेलं मी पहिल्यांदा ऐकलं ते जिब्रिल डियोप माम्बेती या सेनेगली दिग्दर्शकाच्या 'काँट्रास सिटी'त. १९६८चा, वीस-बावीस मिनिटांचा, रंगीत. डाकार शहराची सहल. एक बाई फ्रेंचमध्ये शहराचं कौतुक करतात आणि दिग्दर्शक स्वतः मध्ये मध्ये त्यांची फिरकी घेतो. फ्रेंच धाटणीच्या सरकारी इमारती, चर्च, बाजार, घोडागाडी, आणि या सगळ्यांतून आपल्या कामाला निघालेली माणसं, ज्यांना त्या इमारतींशी काही देणंघेणं नाही. सेनेगलला स्वातंत्र्य मिळून तेव्हा आठच वर्षं झाली होती. इतक्या लवकर इतकं खट्याळ होता येतं याचा मला हेवा वाटला. एकच बघणार असाल तर हा बघा.

याच्या अगदी उलट टोकाचा म्हणजे झाँ रूश या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाचा 'ले मेत्र फू'. नायजरहून आजच्या घानातल्या अक्रा शहरात मजुरीसाठी आलेले लोक, त्यांच्या अंगात येतं, आणि येतात ते देव नव्हेत तर गव्हर्नर, सेनापती, इंजिन ड्रायव्हर. १९५४ साली चित्रित झालेला. (एक सूचना: यात कुत्रा मारून खातात. आम्ही दाखवला तेव्हा दोन जण उठून गेले होते.) पॅरिसमध्ये दाखवला तेव्हा आफ्रिकी प्रेक्षक चिडले. पुढे १९६५ साली उस्मान सेंबेन या सेनेगली दिग्दर्शकाने रूशला तोंडावर सुनावलं की तुम्ही आमच्याकडे किडेमुंग्या बघावेत तसे बघता. मला दोघांचंही पटतं. चित्रपट जबरदस्त आहे आणि तक्रारही खरी आहे. आपल्याकडे अंगात येण्याची चित्रफीत कुणी परदेशात दाखवली तर मला काय वाटेल, याचा विचार करून मी तो परत बघितला आणि तो पुन्हा वेगळाच दिसला.

रूशबरोबर काम केलेली सेनेगलची सफी फाय ही मूळची शिक्षिका. तिने पुढे पॅरिसमध्ये मानववंशशास्त्र आणि चित्रपट दोन्ही शिकून घेतलं आणि कॅमेरा आपल्याच लोकांकडे वळवला. तिचा अर्ध्या तासाचा 'सेल्बे' मी आमच्या मंडळात दाखवला. नाशिकमध्ये आम्ही पंधरा-वीस जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी हॉलमध्ये जमतो, त्याला मंडळ म्हणायचं. सेल्बे ही सेनेगलमधल्या खेड्यातली आठ मुलांची आई. पुरुष कामासाठी शहराकडे गेलेले. ती स्वयंपाक करते, पाणी आणते, चार पैसे मिळतील ते सगळं करते. सफी कॅमेऱ्यामागून प्रश्न विचारते आणि सेल्बे हातातलं काम न थांबवता उत्तरं देते. मुलाखतीसाठी खुर्चीत बसवलेली नाही, हे मला फार आवडलं. बघताना रत्नागिरीकडच्या एक काकू म्हणाल्या, "आमच्याकडे निदान मनीऑर्डर तरी यायची." त्यावर चर्चा जी सुरू झाली ती चित्रपटापेक्षा लांबली. गिरणीत गेलेले बाप, गणपतीला येणारे नवरे, चुलीपाशी राहिलेल्या बायका. परकं काहीतरी बघायला जमलो होतो आणि रात्री अकरापर्यंत कोकणाबद्दलच बोलत बसलो.

संस्कृती म्हणालात म्हणून आणखी एक धागा देते, तो ओळीने बघण्यासारखा आहे. १९५३ साली अलाँ रेने, क्रिस मार्कर आणि गिस्लाँ क्लोके यांनी 'ले स्टाट्यू मर ओसी' केला. पुतळेही मरतात, असा अर्थ. तीस मिनिटं. त्यांना पडलेला प्रश्न साधा होता: ग्रीक आणि इजिप्तचे पुतळे पॅरिसच्या लूव्र या कलासंग्रहालयात, मग आफ्रिकेचे मानववंशाच्या संग्रहालयात का? उत्तर शोधताना ते वसाहतवादापर्यंत पोचले आणि सेन्सॉरने चित्रपट दहा वर्षांच्या वर अडवला. मग १९७०चा 'यू हाइड मी'. लंडनमध्ये चित्रपट शिकणाऱ्या नी क्वाते ओवू या घानाच्या तरुणाने ब्रिटिश म्युझियमकडून एका दिवसाची परवानगी मिळवली आणि तळघरात शिरला. सोळा-सतरा मिनिटांचा चित्रपट. एक तरुण आणि एक तरुणी खोकी उघडतात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या मूर्ती बाहेर काढतात. वर दालनात मोजक्या वस्तू आणि खाली ही एवढी रास. खुद्द घानामध्ये त्याच्यावर बंदी आली, ब्रिटिशविरोधी म्हणून! आणि मग माती डियोपचा 'डाहोमी', त्याला २०२४ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात सुवर्ण अस्वल हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. डाहोमी म्हणजे आजच्या बेनिन देशातलं जुनं राज्य. फ्रान्सने २०२१ मध्ये बेनिनला परत केलेल्या २६ वस्तूंची ही गोष्ट, आणि त्यातला एक पुतळा स्वतः 'फोन' या तिथल्या भाषेत बोलतो. हा अडुसष्ट मिनिटांचा आहे, तुमच्या मर्यादेत बसत नाही, पण दोन्ही छोटे आधी बघितलेत तर याला सूट द्याल. (जाता जाता: 'बेनिन ब्राँझ' म्हणतात ते नायजेरियातल्या बेनिन शहरातले, इंग्रजांनी १८९७ साली लुटलेले. बेनिन देश वेगळा. मी स्वतः किती तरी वर्षं गोंधळ घालत होते.) साताऱ्याला लंडनहून वाघनखं आली ती तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी. त्यामुळे 'डाहोमी'त विद्यापीठातली मुलं "फक्त २६च का?" म्हणून भांडतात तो भाग आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

माती ही माम्बेतीची पुतणी. तिचा २००९चा 'आटलांटिक्स' पंधराएक मिनिटांचा आहे. रात्रीच्या समुद्रकिनाऱ्यावर शेकोटीभोवती पोरं बसलेली, आणि त्यातला एक होडीतून युरोपला जायचा प्रयत्न कसा केला ते सांगतोय. सेनेगलमध्ये या प्रवासाबद्दल एक म्हणणं आहे, 'बार्सा नाहीतर बार्साख': बार्सिलोना गाठू, नाहीतर थेट परलोक. आवाज हळू आहे, हेडफोन लावून बघा.

इंग्लंडमधल्या काळ्या लोकांसाठी 'हँड्सवर्थ साँग्ज' (१९८६), जॉन अकोम्फ्राचा. तासाभराचा आहे, १९८५च्या बर्मिंगहॅम आणि लंडनमधल्या दंगलींवर. हँड्सवर्थ ही बर्मिंगहॅममधली वस्ती, तिथे कॅरिबियन आणि पंजाबी शेजारी शेजारी राहतात, त्यामुळे आपली माणसंही दिसतात. सलमान रश्दींनी 'गार्डियन'मध्ये त्याच्यावर सडकून टीका केली आणि स्टुअर्ट हॉल या संस्कृती-अभ्यासकाने त्या टीकेला उत्तर दिलं. मला पहिल्यांदा अजिबात कळला नव्हता, म्हणून सुरुवातीला नको.

ही यादी सेनेगलकडे आणि फ्रेंच भाषेकडे झुकलेली आहे, हे दिसतंय मला. ५४ देशांचा खंड आहे आणि मी बहुतेक डाकारमध्येच फिरवलं तुम्हाला. मी जिथून शिरले तिथूनच दाखवता येतं.

एक आपल्या जवळचं. सिद्दी म्हटलं की आपल्याला जंजिरा आठवतो आणि तिथेच थांबतो. बेहरोझ श्रॉफ यांनी आजच्या सिद्दींवर छोटे माहितीपट केलेत. गुजरातेतल्या रतनपूरचा बावा गोरचा दर्गा, त्यांचं 'धमाल' नावाचं नाचगाणं. त्याला गोमा असंही म्हणतात, आणि पूर्व आफ्रिकेत ढोलाला न्गोमा म्हणतात. उत्तर कन्नडमधले सिद्दी तर कोंकणी बोलतात, त्यांच्यावरचं काही बघाल तेव्हा सबटायटल्स बंद करून बघा, बरंचसं समजतं.

आणि मी ज्या रस्त्यावरून रोज भाजी आणायला जाते तो नाशिकचा शरणपूर रोड. एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं मिशनऱ्यांनी इथे शरणपूरला आणून शिकवली. त्यातला जेकब वेनराइट पुढे डेव्हिड लिव्हिंगस्टन या आफ्रिकेत फिरणाऱ्या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाच्या शोधात आफ्रिकेत परतला. १८७३ साली लिव्हिंगस्टन वारला तेव्हा ज्या झाडाखाली त्याचं हृदय पुरलं, त्या झाडावर अक्षरं कोरली ती या नाशिकच्या शाळेत शिकलेल्या मुलाने. तो त्या देहाबरोबर समुद्र ओलांडून इंग्लंडला गेला आणि १८७४च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत खांदा देणाऱ्यांत होता. यावर वीस मिनिटांचा माहितीपट माझ्या पाहण्यात नाही. तुम्हाला कुठे सापडला तर खाली लिहा, पुढच्या महिन्यात हॉल आमच्याकडेच आहे.