आजारपणातलं जेवण: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे, आजारी माणसाला काय देऊ नये? आहारतज्ज्ञ म्हणून मला त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: या क्षणी त्याच्या घशाखाली काय उतरेल? आपल्याकडे पथ्याच्या नावाखाली माणूस उपाशी राहतो आणि घरातल्या कुणाला ते जाणवतही नाही. म्हणून उत्तरं त्या बाजूनं देते आहे.

प्रश्न: मुलगा आठ वर्षांचा आहे, परवापासून ताप आहे. सासूबाई म्हणतात, तापात भात नको, नुसत्या पेजेवर ठेव. ऐकू का?

सासूबाईंची पेज अगदी योग्य आहे, फक्त ती ‘नुसती’ नको. अंगातला ताप 1 अंश सेल्सिअसनं वाढला की शरीराचा ऊर्जेचा खर्च साधारण 10 ते 13 टक्क्यांनी वाढतो. खर्च वाढलेला आणि पोटात मात्र वरची निवळ, अशानं मूल दोन दिवसांत गळून जातं. पूर्वी टायफॉइडच्या रुग्णालाही लंघन घडवत. आता त्याला मऊ पण पोटभर जेवायला देतात.

भात जरूर द्या, मात्र आसट. अर्धी वाटी आंबेमोहर, पाव वाटी मुगाची डाळ, चिमूटभर हळद आणि चार वाट्या पाणी कुकरमध्ये घालून पाच शिट्ट्या करा. वाफ आपोआप जिरू द्या, मग डावानं चांगलं घोटा. मीठ आणि चमचाभर तूप वरून घाला. आंबेमोहर मुळातच चिकट शिजतो, त्यामुळे घोटल्यावर कण वेगळा लागत नाही आणि दुखऱ्या घशालाही तो टोचत नाही. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, मुगात ते भरपूर असतं. म्हणून तांदळात डाळ घातलीत की प्रथिनांची प्रत सुधारते.

ताट भरून समोर ठेवू नका. दर दोन तासांनी चार-पाच घास पुरे. ताप उतरून घाम येतो, तेव्हा तास-दीड तास भूक जागी होते, ती वेळ साधा. सोबत लिंबाच्या लोणच्याचं बोट चाटायला द्या. नाक चोंदलं की वासच येत नाही आणि अन्न बेचव लागतं, पण खारट-आंबट चव जिभेला कळते. आजीनं पानात वाढलेली ती लोणच्याची फोड घास खाली उतरवायलाच असायची.

मूल मलूल पडलं, लघवी कमी झाली किंवा तिसऱ्या दिवशीही ताप राहिला, तर मात्र डॉक्टरांना दाखवाच.

प्रश्न: जुलाब होत असताना मीठ-साखरेचं पाणी द्यावं की भाताची पेज?

दोन्ही द्या. हातात जलसंजीवनीची (ओआरएसची) पुडी असेल तर आधी ती. त्यातली साखर चवीपुरती नसते. आतड्याच्या अस्तरातून ग्लुकोज आत शिरताना सोडियमला बरोबर नेतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी राहते. 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पिंपांत मीठ-ग्लुकोजचं पाणी कालवून ते नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजलं आणि असंख्य माणसं वाचली. पलंगाशी बसून घोट-घोट पाजणारं घरचं माणूस हा त्या उपचाराचाच भाग होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुडी नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ घाला. मीठ अंदाजानं टाकू नका, लहान मुलाला जास्त मीठ धोक्याचं असतं. पुडी आणलीत तर तिच्यावर लिहिलेल्या सगळ्या पाण्यात पूर्ण पुडी एकदम कालवा. अर्धी पुडी ग्लासभर पाण्यात, असं करायचं नाही. उरलेलं पाणी 24 तासांनी फेकून द्या. फळांच्या चवीची गोड पेयं याची जागा घेऊ शकत नाहीत, जादा साखरेनं जुलाब वाढतात.

पेजेतला पिष्टमय पदार्थ आतड्यात हळूहळू ग्लुकोज सोडतो, म्हणून मीठ घातलेली पेजही उपयोगी पडते. कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज रोजच्या खाण्यातलीच. सालीसकट भात उकडून वाळवताना सालीकडची काही ब जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात, त्यामुळे ती पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळाच्या पेजेपेक्षा सरस ठरते. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध मात्र एका वेळेसाठीही तोडू नका.

प्रश्न: वडिलांना मधुमेह आहे. फ्लूमध्ये मऊ भात चालेल?

चालेल, पण तांदूळ आणि डाळ समसमान घ्या. वाटी लहान ठेवा आणि सोबत ताक किंवा उकडलेलं अंडं द्या. आजारपणात काही न खाताही साखर वाढू शकते, म्हणून ती नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा. इन्सुलिन स्वतःच्या मनानं बंद करू नका. उलट्या होत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, कारण काही गोळ्या अशा वेळी थांबवाव्या लागतात.

प्रश्न: आम्ही कोल्हापूरचे. अशक्तपणात घरी मटणाचं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी, पाजतात. त्यात खरंच ताकद असते का?

अळणी गरम असतं, त्यात मीठ आणि पाणी असतं, आणि त्याच्या वासानं तोंडाला पाणी सुटतं. पडून असलेल्या माणसासाठी हे थोडं नाही. पण प्रथिनं मुख्यतः मटणात राहतात. म्हणून पाण्यासोबत दोन मऊ फोडीही कुस्करून द्या.

प्रश्न: जर्मनीत शिकते. सर्दी-ताप आला की रडू येतं, आईच्या हातची खिचडी आठवते. वसतिगृहात एक लहान भांडं आणि शेगडी आहे, कुकर नाही.

तिथल्या कुठल्याही दुकानात ‘मिल्शराइस’ नावाचा बुटका गोल तांदूळ मिळतो, खिरीसाठी वापरतात तो. आंबेमोहराचा वास त्याला नाही, पण आसट छान शिजतो. मुगाची डाळ आशियाई दुकानात मिळेल. दोन्ही तासभर भिजवून सातपट पाण्यात मंद आंचेवर ठेव आणि अधूनमधून ढवळत राहा. पाऊण तासात काम होतं. बरी असतानाच भाजकी डाळ, जिरं-हिंग आणि मेतकुटाची डबी खोलीत ठेव, कारण तापात बाजारात जाववत नाही. आणि खिचडी शिजत असताना आईला फोन लाव. रडू आलं तर येऊ दे गं.

प्रश्न: आई जाऊन चार महिने झाले. बाबा 74 वर्षांचे आहेत. चहा-बिस्किटं आणि रात्री मेतकूट-भात, एवढंच खातात. दुसरं काही केलं तर ‘भूक नाही’ म्हणतात.

मेतकूट-भात बंद करू नका. तो बहुधा तुमच्या आईच्या हातचा असायचा, आणि सध्या बाबांच्या घशाखाली उतरतोय तो तेवढाच. आपल्याला फक्त त्याच ताटात भर घालायची आहे.

हरभऱ्याची आणि उडदाची डाळ, तांदूळ, गहू, धणे, जिरं, मेथी, सुंठ असं वेगवेगळं भाजून दळलेलं मेतकूट पौष्टिक खरंच, पण आपण घेतो दोन चमचे, आणि त्यातून जेमतेम दोन ग्रॅम प्रथिनं मिळतात. या वयात वजनाच्या दर किलोमागं रोज किमान 1 ग्रॅम तरी हवीत. बाबांचं वजन 60 किलो असेल तर 60 ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांना विचारून ठरवा. भात दुधात शिजवा, किंवा मेतकूट दह्यात कालवा. भातात मुगाची डाळ मुरवा. चहाबरोबर बिस्किटांऐवजी राजगिऱ्याची चिक्की, चावत नसेल तर सातूचं पीठ दुधात. अंडं खात असतील तर सकाळी एक.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्यांचं पान एकट्याचं वाढू नका. तुम्हीही त्याच वेळी, तेच घेऊन शेजारी बसा. ‘खा ना’ हा आग्रह नको. हवं तर आईचं मेतकूट कसं असायचं, मेथी किती, सुंठ किती, हे त्यांना विचारून पुढचं त्यांच्याकडूनच भाजून घ्या. अनेक घरांत अशा भाजण्याच्या वासानं माणूस स्वयंपाकघरात आलेला मी पाहिला आहे.

आणि दर रविवारी वजन लिहून ठेवा. सहा महिन्यांत 5 टक्के, म्हणजे 60 किलोच्या माणसाचं 3 किलो वजन आपोआप उतरलं, तर ते फक्त दुःखाचं म्हणून सोडू नका. थायरॉईड, साखर, दात आणि चालू औषधं तपासून घ्या. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, ‘आता कशाला जगायचं’ असं बोलणं येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. बाबा नको म्हणाले तर आधी तुम्ही स्वतः फोन करून बोला.