कोलंबो आणि टुकटुक : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहिलं होतं, की श्रीलंकेत कोलंबोला एकच दिवस हाताशी असेल तर ड्रायव्हरसकट अख्खी टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, ठरवा आणि शहर बघा. त्यावर एवढी पत्रं आली की हा महिना त्यालाच देतेय. पहिल्या पत्रातला प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय म्हणून त्याचं उत्तर लांबलंय, बाकीची पटापट घेते.

ताई, आम्ही तिघी जातोय, मी ५६ ची, आई ७७ ची आणि माझी लेक. कँडीला जायच्या आधी कोलंबोत एक दिवस आहे. हॉटेलवाले म्हणतात प्रायव्हेट टुकटुक टूर घ्या, ४ तासांत १५ ठिकाणं दाखवतो. आईचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. लेक म्हणते मस्त आहे, घेऊया. मला वाटतं एसी गाडी बरी, रिक्षा काय आपण रोजच बघतो. काय करू? (एक वाचक, सांगली)

लेकीचं ऐका, पण १५ ठिकाणांचं ऐकू नका.

आधी गाडी की टुकटुक ते सांगते. कोलंबोचा जो भाग खरंच बघण्यासारखा आहे, म्हणजे पेटा हा बाजार, तिथे गाडी आत शिरतच नाही नीट, शिरली तर अडकते, आणि काच लावून एसीत बसून तो बाजार बघण्यात काहीच मजा नाही. टुकटुक बोळात शिरते, दारासमोर उभी राहते, आईंना ५० पावलं चालायचं तर ५० च चालावी लागतात. आणि रिक्षा रोजचीच म्हणताय ते खरंय हो, तिथल्या बहुतेक टुकटुक बजाजच्याच आहेत आणि बजाजच्या थ्री-व्हीलरचा कारखाना आपल्या वाळूजला. तिथले लोक तिला थ्री-व्हील म्हणतात. मागे तिघी आरामात बसाल, चौथं माणूस कोंबू नका. चढाय-उतरायला आईंना डावीकडे बसवा, रस्ते आपल्यासारखेच डाव्या बाजूचे आहेत त्यामुळे उतरणं फुटपाथच्या बाजूला होतं.

आता १५ ठिकाणांचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा अशीच टूर घेतली होती आणि खरं सांगते, मला आज त्यातली चार ठिकाणंसुद्धा धड आठवत नाहीत, कारण प्रत्येक ठिकाणी खाली उतरा, फोटो काढा, बसा, पुढे चला. दुसऱ्या वेळी मी ड्रायव्हरला सांगितलं, दादा मला चारच जागा दाखवा पण तिथे मला बसू द्या, आणि तो दिवस मला तासातासाने आठवतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, टुकटुक ही दोन जागांच्या मधल्या अंतरासाठी घ्यायची, शहर तिच्यातून उतरल्यावर बघायचं.

आणि ४ तास सलग घेऊ नका. कोलंबोची हवा मुंबईसारखी चिकट, ११ नंतर आईंना झेपणार नाही. दोन तुकडे करून मागा, सकाळी साडेसात ते साडेदहा आणि मग संध्याकाळी पाचला परत, तोच ड्रायव्हर. दुपारी हॉटेलवर झोपा. ड्रायव्हरलाही ते बरं पडतं, मधल्या वेळात त्याचा धंदा होतो, त्यामुळे तयार होतात.

सकाळी पेटा. हे नाव ऐकल्यावर आपल्याला लगेच ओळखीचं वाटतं ना, ते तमिळ पेट्टै वरून आलंय, आपली पेठ तीच. शेजारचा भाग फोर्ट, त्याला सिंहलीत कोटुव म्हणतात, म्हणजे आपला कोट, आणि पेटाला पिटकोटुव, कोटाबाहेरची वस्ती. एवढं आईंना सांगून ठेवा, शहर परकं वाटायचं थांबतं.

पेटाच्या तोंडाशीच एक घड्याळाचा मनोरा लागतो, खान क्लॉक टॉवर. बहुतेक टूरवाले तो नुसता बोटाने दाखवून पुढे जातात. मुंबईहून तिकडे गेलेल्या पारशी खान कुटुंबातल्या मुलांनी वडिलांच्या, फ्रामजी भिकाजी खान यांच्या आठवणीसाठी १९२३ साली बांधलाय तो. मी खाली उतरून दोन मिनिटं उभी राहिले होते तिथे, मुंबईचं माणूस कुठे कुठे जाऊन काय काय ठेवून आलंय असं वाटलं.

मग सेकंड क्रॉस स्ट्रीटची लाल मशीद, जामी उल अल्फार. १९०९ ला पूर्ण झाली, भारतातून गेलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांनी बांधली. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या विटांच्या भिंती, अक्षरशः मिठाईसारखी दिसते, आणि समोरचा रस्ता इतका अरुंद की मान पूर्ण मागे टाकल्याशिवाय वरचे घुमट दिसत नाहीत. टुकटुकमधून तर अजिबात दिसत नाहीत, उतरायलाच लागतं.

त्याच रस्त्यावर मी जे बघितलं ते सांगते, कारण मला वाटतं पेटा म्हणजे तेच. समोरून एक हातगाडी आली, कापडाच्या गठ्ठ्यांनी माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत भरलेली, पुढे एक हमाल दांडीला छाती लावून ओढतोय, मागे दुसरा ढकलतोय, तिकडे ह्या हमालांना नाट्टामी म्हणतात. आमच्या ड्रायव्हरने हॉर्न नाही वाजवला. इंजिन बंद केलं, खाली उतरला, टुकटुकचं पुढचं चाक हाताने उचलून बाजूला सरकवलं, आणि गाडी पुढे जाईपर्यंत एका बाजूच्या गठ्ठ्याला हात लावून धरला. नाट्टामीने वर न बघता नुसती मान हलवली. मी विचारलं ओळखीचा का, तर म्हणाला नाही, पण उतारावर ती गाडी थांबवता येत नाही त्यांना. असा ड्रायव्हर मिळाला तर दिवस सोन्याचा, आणि तो १५ ठिकाणांच्या घाईत असेल तर हे होत नाही.

तिथून सी स्ट्रीट. सोन्याच्या दुकानांची रांग आणि मध्येच कदिरेसन कोविल, जुनं आणि नवं अशी दोन, मुरुगनची, म्हणजे आपल्या कार्तिकेयाची. ११ च्या आत पोचा कारण कोविलं दुपारी बंद होतात. इथे आईंना निवांत बसता येईल. चौथी जागा मी वुल्फेंडाल चर्च म्हणेन, डचांनी १७४९ ला बांधायला घेतलेलं, उंचावर आहे, आत गार आणि शांत, जमिनीत जुन्या थडग्यांचे कोरीव दगड. पण आई दमल्या असतील तर हे सोडा, बिनधास्त सोडा.

बाथरूमची सोय आईंसाठी महत्त्वाची आहे आणि ती कोणी सांगत नाही. पेटात भरवसा नाही. जाताना किंवा येताना फोर्टमधल्या जुन्या डच हॉस्पिटलला थांबा, डच काळातली बैठी इमारत आहे, आता आत खाण्याची आणि खरेदीची दुकानं आहेत, स्वच्छ जागा मिळते आणि चहाही होतो.

संध्याकाळी आधी बेरा तलावातलं सीमा मालक. पाण्यावरचं छोटंसं विहार, लाकडी खांब, निळी कौलं, जेफ्री बावा या वास्तुविशारदांनी १९७६ च्या सुमाराला आखलेलं. त्याला पैसे दिले एका मुस्लिम दांपत्याने, आपल्या मुलाच्या आठवणीसाठी, बौद्ध विहाराला. शेजारी गंगारामय हे मोठं बौद्ध विहार आहे तिथे बाहेर फुलं मिळतात. कमळाची कळी घेतली तर तशीच वाहू नका, फुलवालीला दाखवायला सांगा, एकेक पाकळी मागे दुमडून ते लोक कळीचं उमललेलं फूल करतात आणि मग वाहतात. ७७ वर्षांची आई आणि तिची नात शेजारी बसून पाकळ्या दुमडतायत, मला नुसतं लिहितानाही छान वाटतंय.

सूर्यास्ताला गॉल फेस, समुद्राकाठचं लांबलचक मैदान, १८५९ सालचं. पतंग, पोरं, वारा. सूर्य समुद्रात बुडतो, आपल्यासारखाच. टुकटुक सोडून द्या किंवा थांबवा, पण घाई नको.

पैसे कसे ठरवायचे? फसवतात असं ऐकलंय. (एक वाचक, नाशिक)

सगळे फसवत नाहीत पण ठरवल्याशिवाय बसायचं नाही, हे मात्र पक्कं. आधी फोनवर पिकमी टाका, हे तिथलं अॅप आहे, उबरही चालतं. दोन-चार अंतरांचं भाडं नुसतं बघून ठेवा म्हणजे बाजारभाव डोक्यात बसतो. मग टूरसाठी बोलताना तीन गोष्टी स्पष्ट विचारायच्या: भाव माणशी की पूर्ण गाडीचा, थांबण्याचा वेळ त्यात धरलाय का, आणि देवळांची तिकिटं वेगळी का. आणि कुठले रुपये हेही, कारण त्यांचेही रुपयेच आहेत आणि आपल्या एका रुपयाला त्यांचे साधारण साडेतीन येतात, बोलण्यात घोटाळा होऊ शकतो. ठरलेला आकडा कागदावर किंवा फोनवर लिहून ड्रायव्हरला दाखवा, वाईट नाही वाटत त्यांना.

दुसरं, दुकानं. माझ्या पहिल्या टूरला दीड तास एका रत्नांच्या दुकानात गेला. आधी ते म्युझियम म्हणून सांगितलं, मग खडे कसे काढतात त्याचा व्हिडिओ, मग चहा, मग दार कुठेय तेच सापडेना. ड्रायव्हरला तिथे कमिशन मिळतं. मला राग आला होता, आता वाटतं मी आधी बोलायला हवं होतं. म्हणून सुरुवातीलाच हसून सांगा, दादा दुकान नको, त्याऐवजी शेवटी वेगळे पैसे देईन, आणि मग खरंच द्या. आणि रस्त्यात कोणी म्हणालं की आज देवळात खास उत्सव आहे, हत्ती येणारेत, फक्त आजच, चला नेतो, तर नमस्कार करून पुढे चला. ही जुनी युक्ती आहे.

आम्ही शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण चालतं. टूरमध्ये खाणं पण असतं म्हणे, काय खाऊ? (एक वाचक, पुणे)

खूप काही आहे, पण सावध राहा, कारण मासा तिथे दिसत नाही तिथेही असतो. पोळ संबोल म्हणून ओल्या खोबऱ्याची लालभडक चटणी मिळते, बघून आपल्याला वाटतं चटणीच तर आहे, पण तिच्यात बऱ्याचदा उंबलकड म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा असतो. गॉल फेसवर गाड्यांवर डाळीचे वडे दिसतील, कुरकुरीत, ते इस्सो वडे, वर अख्खी कोळंबी बसवलेली असते. वरची काढून खा असं कोणी म्हणेल, पण तेल तेच असतं.

एक वाक्य पाठ करा, मस् माळु एपा, म्हणजे मांस-मासे नको. आणि ड्रायव्हरला सैव कडे विचारा, तमिळ लोकांची शाकाहारी खाणावळ. इडली, डोसा, वडे, इडियाप्पम म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, नारळाच्या दुधातली डाळ ज्याला परिप्पु म्हणतात, पोटभर मिळतं. बंबलपिटिय आणि वेल्लवत्तच्या बाजूला अशी बरीच आहेत.

मी २६ वर्षांची, एकटी जातेय. एकटीने टुकटुक घेणं सेफ आहे का? (एक वाचक, मुंबई)

मी एकटीनेच घेतली होती, दिवसा काही त्रास नाही झाला. तरी रस्त्यावर हात करून घेण्यापेक्षा अॅपवरून किंवा राहत्या ठिकाणाहून ठरव, बसण्याआधी नंबरचा फोटो काढून घरी पाठव आणि पाठवतेयस ते त्याला दिसू दे. पेटा दिवसा गजबजलेला असतो, दुकानं बंद झाली की एकदम ओस पडतो, तेव्हा अंधार पडायच्या आत तिथून निघ. ड्रायव्हर गप्पिष्ट असतात, लग्न झालंय का विचारतील, ते आपल्याकडच्या काकांसारखंच आहे, पण नको वाटलं तर विषय बदल, उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. आणि कुठल्याही क्षणी मन घेत नसेल तर गर्दीच्या जागी थांबवून उतर. पैसे गेले तर गेले.

टुकटुक स्वतः चालवायला भाड्याने मिळते म्हणे? (एक वाचक, कोल्हापूर)

मिळते, पण आपलं लायसन्स नुसतं चालत नाही, तिथे मान्य असलेला परवाना काढावा लागतो. गावाकडच्या रस्त्यांना छान आहे. कोलंबो शहरात चालवू नका हो, बसेस ज्या पद्धतीने अंगावर येतात ते बघितलं की कळेल.

कपडे काय घालायचे आणि कुठला दिवस चांगला? (एक वाचक, ठाणे)

खांदे आणि गुडघे झाकलेले, चपला पटकन काढता येतील अशा, आणि पायमोजे जवळ ठेवा कारण दुपारी देवळाची फरशी पाय भाजते. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, ते त्यांना खरंच लागतं.

रविवारी पेटातली बरीचशी दुकानं बंद असतात, आणि दर पौर्णिमेला तिथे पोया म्हणून सरकारी सुट्टी असते, त्या दिवशी बाजार जवळपास बंद पण विहारं पांढऱ्या कपड्यातल्या लोकांनी भरलेली. बाजार बघायचा असेल तर पौर्णिमा टाळा, विहार बघायचं असेल तर मुद्दाम पौर्णिमा धरा. कालनिर्णय भिंतीवर असेलच, फक्त तिथल्या सुट्ट्यांची यादीही एकदा ताडून बघा, एखादवेळी एका दिवसाचा फरक पडतो.