वाडीचं नाव यादीत नाही, म्हणजे नोंद नाही असं नाही

ताई, सातबाऱ्याच्या यादीत तुमच्या वाडीचं नावच दिसत नाही आणि पणजोबांच्या खासरा पत्रकाची (जमिनीच्या जुन्या सरकारी नोंदीची) नक्कल मागितली तर ‘या नावाचं दप्तर नाही’ म्हणून परत पाठवलं, हे वाचून पोटात कालवाकालव झाली. आम्हीही हिंगोली जिल्ह्यातलेच. आमच्या घरी दोन वर्षं हेच चाललं होतं.

अर्ज, कोर्ट फीचं तिकीट, ओळखपत्र यात जात नाही, ते तुम्ही केलंच असणार. माझी चूक तेवढी सांगतो. ‘मौजे’पुढं मी आमच्या वाडीचं नाव लिहिलं. लहानपणापासून आमचा पत्ता तोच, शाळेच्या दाखल्यावरही तोच. पण महसुलाचं दप्तर महसुली गावानं चालतं. आमचं सगळं शिवार शेजारच्या मूळ गावाच्या सर्व्हे नंबरांत बसलेलं. जनगणनेतही तसंच. 2011 ला जिल्ह्याची लोकसंख्या 11,77,345 भरली, त्यात आमची वाडी आहे, पण मूळ गावाच्या आकड्यात. त्यात गट ग्रामपंचायत (दोन-तीन गावांची मिळून एक) असली की पंचायतीचं नाव आणखी तिसरंच.

हे एका वाक्यात सांगता आलं असतं. एका कार्यालयानं (नाव घेत नाही) चार महिने ‘पुढच्या सोमवारी या’ केलं आणि शेवटी तोंडी सांगितलं, आढळत नाही. वडिलांचे गुडघे दुखायचे, तरी एसटीनं दर सोमवारी जायचे. अर्जाची पोच मी घेतली नव्हती, त्यामुळे पुढं दाद मागायला हातात काहीच नव्हतं. त्याचा राग अजून जात नाही.

वाट दाखवली ती गावच्या म्हाताऱ्या, निवृत्त कोतवालानं. ‘तुमची वाडी त्या गावची. बस्ता, म्हणजे कागदांचं गाठोडं, त्या गावाचा मागा. अन् आधी परभणीला विचारा.’ हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झाला, आमचं जुनं दप्तर तिकडंच राहिलं होतं. तिथल्या कारकुनानं लाल कापडाची गाठ सोडली. कागदाच्या कडा हात लागताच झडत होत्या. वडिलांनी आजोबांच्या नावावर बोट नेलं आणि कागदाला न टेकवता तसंच वर धरून ठेवलं.

माझं स्पष्ट मत, एजंटाला एक रुपया देऊ नका. अर्जात महसुली गाव, वाडी आणि त्या काळचा तालुका-जिल्हा, सगळं लिहा. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. सापडत नसेल तर तसं लेखी मागा. नाही दिलं तर माहिती अधिकारात अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर न आल्यास पहिलं अपील करा. मी वकील नाही, आणि प्रत्येक तालुक्यात दप्तर कुठं ठेवलंय ते वेगळं असू शकतं, म्हणून आधी विचारून घ्या.

निजामाच्या काळातले कागद निघाले तर उर्दू वाचणारं माणूस सोबत न्या. साल फसली (तेव्हाचं महसुली वर्ष) असेल तर त्यात 590 मिळवा, इसवी सन साधारण कळतं. नावाचं लेखन वेगळं दिसलं तरी कागद बाजूला टाकू नका, बापाचं नाव जुळतंय का पाहा.

शेतसाऱ्याची जुनी पावती घरात असेल तर त्यावर कोणतं गाव लिहिलंय ते बघा आणि इथं कळवा. त्या भागातलं दप्तर असेल तर कुठल्या खोलीत विचारायचं ते मी सांगतो.