अनेक देशांना एकत्र आर्थिक धोरण ठरवायचे असेल, तर एकमेकांच्या सरकारी आकडेवारीवर विश्वास कसा ठेवायचा?

आपला प्रश्न असा आहे की, युरोपातल्याप्रमाणे अनेक सार्वभौम देश एकत्र येऊन आर्थिक धोरण ठरवू लागले, तर प्रत्येक सरकार आपल्या सोयीचे आकडे पुढे करणार नाही का, हे सुधारण्याचा मार्ग कोणता, आणि दक्षिण आशियात असे काही जमू शकेल का. मी आकडेवारी गोळा करणाऱ्यांपैकी नाही, वापरणाऱ्यांपैकी आहे. पण राष्ट्रीय लेख्यांचे, म्हणजे देशाच्या उत्पादन, उत्पन्न आणि खर्चाच्या हिशेबाचे, तक्ते वाचणे हेच काम असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. माझे मत आधीच सांगून टाकतो. व्याख्या आणि पद्धती एकसारख्या करणे हे कष्टाचे असले तरी जमण्यासारखे काम आहे. खरे घोडे अडते ते पुढे: आकडा देणाऱ्याच्या मूळ वह्या बाहेरच्या कोणाला तपासू द्यायच्या की नाही, आणि त्या आकड्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतःच्याच सरकारपासून संरक्षण मिळणार की नाही.

जमलेल्या कामापासून सुरुवात करतो. समाईक चलन आले म्हणजे व्याजदर एक, आणि व्याजदर एक म्हणजे महागाईही एकाच मापाने मोजली पाहिजे. १९९० च्या दशकात युरोपातील प्रत्येक देशाचा ग्राहक किंमत निर्देशांक आपापल्या परंपरेने चालत असे. सर्वांत मोठा घोळ होता स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचा. जर्मनीत अशा घराला भाडे किती आले असते याचा अंदाज निर्देशांकात धरत, आयर्लंडमध्ये गृहकर्जाचे व्याज धरत, तर काही देश हा खर्च धरतच नसत. आयर्लंडच्या पद्धतीत व्याजदर वाढवले की कर्जाचे हप्ते वाढून महागाईच वाढलेली दिसते, म्हणजे महागाई रोखण्यासाठी केलेल्या उपायामुळेच महागाईचा आकडा फुगतो. अशा आकड्यांची सरासरी काढून त्यावर मध्यवर्ती बँक चालवणे शक्य नव्हते. म्हणून १९९५ मध्ये कायदा करून सुसंवादी, म्हणजे सर्व देशांत एकाच पद्धतीने काढायचा, ग्राहक किंमत निर्देशांक आणला गेला आणि १९९७ पासून त्याचे आकडे येऊ लागले. युरोपीय मध्यवर्ती बँकेने १९९८ मध्ये किंमत स्थैर्याची व्याख्या केली, ती याच निर्देशांकावर.

या निर्देशांकाचा तपशील पाहण्यासारखा आहे. त्यात देशाच्या हद्दीत झालेला खर्च मोजतात. स्पेनच्या किनाऱ्यावर सुट्टीसाठी आलेल्या जर्मन कुटुंबाने उपाहारगृहात भरलेले बिल स्पेनच्या भारांकात, म्हणजे निर्देशांकात कोणत्या खर्चाला किती वजन द्यायचे त्या हिशेबात, जाते. स्वतःच्या घरात राहण्याच्या खर्चावर मात्र एकमत झाले नाही, म्हणून तो वगळण्यात आला. तो समाविष्ट करावा अशी शिफारस खुद्द मध्यवर्ती बँकेने २०२१ मध्ये केली. म्हणजे पंचवीसएक वर्षे युरो क्षेत्राची महागाई ठरवताना बहुसंख्य कुटुंबांचा एक सर्वांत मोठा खर्च बाहेरच राहिला. (आपल्याकडेही २०१२ या आधारवर्षाच्या मालिकेत घरभाडे केवळ शहरी भागातच मोजले जात होते, आणि त्याच अखिल भारतीय निर्देशांकावर रिझर्व्ह बँकेचे ४ टक्क्यांचे लक्ष्य बेतलेले होते, तेव्हा युरोपला नावे ठेवण्यात फारसा अर्थ नाही.) २०१९ मध्ये जर्मनीने पॅकेज सहलींच्या किमती मोजण्याची पद्धत बदलली, तर त्या एका बदलाने संपूर्ण युरो क्षेत्राचे २०१५ पासूनचे महागाईचे आकडे हलले. समाईक आकड्यात एका देशाच्या कार्यालयातील पद्धत सर्वांची होते, ती अशी.

तरीही किंमत निर्देशांक हे प्रकरण एकंदरीत यशस्वी म्हणावे लागेल. त्याचे कारणही सरळ आहे: दुकानातील किंमत कोणालाही जाऊन पाहता येते. वित्तीय तूट तशी पाहता येत नाही. भिशीत हप्ता कोणी चुकवला हे त्याच संध्याकाळी सगळ्यांना कळते. सरकारने बिले थकवली आहेत हे कळायला कधीकधी दहा वर्षे जातात.

१९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराने तुटीला सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३ टक्क्यांची आणि कर्जाला ६० टक्क्यांची मर्यादा घातली. प्रत्येक देश वर्षातून दोनदा आपले आकडे युरोपीय संघाच्या लक्झेंबर्ग येथील युरोस्टॅट या सांख्यिकी कार्यालयाकडे पाठवू लागला. ग्रीसला १ जानेवारी २००१ रोजी युरोमध्ये प्रवेश मिळाला, तो १९९९ ची तूट मर्यादेत आहे या आकड्याच्या आधारे. २००४ मध्ये फेरतपासणी झाली तेव्हा त्याच वर्षाची तूट ३ टक्क्यांच्या वर होती असे निघाले. लष्करी खरेदीचा काही खर्च नोंदलेला नव्हता, सामाजिक सुरक्षा निधीची शिल्लक फुगवून दाखवलेली होती, आणि कर्जावरील काही व्याज तुटीत न धरता मुद्दलात मिळवलेले होते. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये तर २००८ ची तूट ५ टक्क्यांवरून ७.७ टक्के आणि चालू वर्षाचा अंदाज ३.७ टक्क्यांवरून १२.५ टक्के झाला. एप्रिल २०१० मध्ये २००९ चा आकडा १३.६ टक्के, आणि नोव्हेंबरमध्ये १५.४ टक्के. दरम्यान बाजाराचा विश्वास उडाला होता आणि युरोपला मदतीचे कर्ज उभे करावे लागले होते.

यातून मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की, या काळात नियमांची उणीव नव्हती. खर्च पैसे देतेवेळी न धरता देणे निर्माण होते तेव्हा धरायचा, म्हणजे रुग्णालयाने औषधे घेतली त्या वर्षी ती नोंदायची, पुरवठादाराला पैसे केव्हा मिळतात यावर नाही, हे युरोपीय लेखापद्धतीत स्पष्ट लिहिलेले होते. पण युरोस्टॅटला मिळत होते ते तयार तक्ते. शंका आली तर ते पत्र पाठवू शकत होते, आकड्याखाली हरकत नोंदवू शकत होते, आणि तशा हरकती ग्रीसच्या बाबतीत वारंवार नोंदवल्याही होत्या. अर्थखात्याच्या किंवा रुग्णालयांच्या वह्या मागून तपासण्याचा अधिकार मात्र त्यांना नव्हता. २००५ मध्ये युरोपीय आयोगाने तो मागितला होता. सदस्य सरकारांनी तेव्हा तो पूर्णपणे दिला नाही. दिला तो २०१० च्या जुलैमध्ये, आग लागल्यावर.

त्यानंतर २०११ च्या नियमांनी आकड्यांत फेरफार किंवा गंभीर हलगर्जीपणा करणाऱ्या युरो देशाला उत्पादनाच्या ०.२ टक्क्यांपर्यंत दंड करण्याची तरतूद झाली. या तरतुदीखाली पहिला दंड २०१५ मध्ये स्पेनला झाला, सुमारे १ कोटी ८९ लाख युरोंचा, आणि तो वालेन्सिया या प्रांताच्या आरोग्य खर्चावरून. तेथे आरोग्य खात्याची बिले वर्षानुवर्षे हिशेबात न घेता बाजूला ठेवली जात होती. प्रांताच्या लेखापरीक्षकांनी हे आपल्या अहवालांत लिहिलेले होते, अहवाल जाहीर होते. पण राष्ट्रीय आकडेवारीत ती बिले पोहोचत नव्हती. आकडेवारी सुधारणे म्हणजे नवे सॉफ्टवेअर घेणे आणि नमुना वाढवणे असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे. अनेकदा माहिती सरकारात कोणाकडे तरी असतेच. ती मोजणाऱ्याच्या टेबलापर्यंत येण्याची वाट कायद्याने उघडावी लागते.

दुसरा भाग सही करणाऱ्याच्या संरक्षणाचा. ग्रीसने २०१० मध्ये कायदा करून स्वतंत्र सांख्यिकी प्राधिकरण स्थापन केले आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत काम केलेले अँड्रियास गिऑर्गियू त्याचे प्रमुख झाले. १५.४ टक्के हा आकडा त्यांच्या कारकिर्दीतला, आणि तेव्हापासून ग्रीसच्या आकड्यांवरच्या हरकती युरोस्टॅटने काढून घेतल्या. पण देशात त्यांच्यावर आरोप झाला की त्यांनी तूट मुद्दाम फुगवली आणि देशावर कठोर अटी ओढवून घेतल्या. अनेक वर्षे खटले चालले. तूट फुगवल्याच्या आरोपातून ते सुटले, मात्र २०१७ मध्ये कर्तव्यभंगाबद्दल त्यांना दोन वर्षांची निलंबित शिक्षा झाली. ठपका असा की, त्यांनी आकडे जाहीर करण्यापूर्वी संचालक मंडळात मताला टाकले नाहीत. आता युरोपीय सांख्यिकीची २००५ ची आचारसंहिता म्हणते की पद्धती, व्याख्या आणि प्रकाशनाची वेळ ठरवण्याची जबाबदारी एकट्या प्रमुखाची आहे. तुटीचा आकडा बहुमताने ठरवायचा नसतो हे आचारसंहितेला मान्य आहे, न्यायालयाला ते पटले नाही. आधी चुकीचे आकडे देणाऱ्यांपैकी कोणाला अशी फरफट सोसावी लागल्याचे माझ्या वाचनात नाही, आणि मला या साऱ्या कहाणीतील ही सर्वांत संतापजनक बाब वाटते.

सर्व नियम पाळूनही आकडा दिशाभूल करू शकतो, हे आयर्लंडने दाखवले. जुलै २०१६ मध्ये तेथील सांख्यिकी कार्यालयाने जाहीर केले की २०१५ मध्ये देशाचे उत्पादन २६.३ टक्क्यांनी वाढले. कोणी काहीही लपवले नव्हते. काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री आयर्लंडमध्ये आणली होती, त्यामुळे तिच्यावरील उत्पन्न तेथील उत्पादनात धरणे नियमाप्रमाणे बरोबर होते. पण डब्लिनमधल्या कामगाराचा पगार काही पाव पटीने वाढला नव्हता, आणि कर्जाचे उत्पादनाशी असलेले प्रमाण मात्र एका फटक्यात सुधारलेले दिसत होते. कार्यालयाने मग तेथील मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि २०१७ पासून ‘सुधारित सकल राष्ट्रीय उत्पन्न’ हा वेगळा आकडा छापायला सुरुवात केली. त्यात परदेशातून आलेल्या बौद्धिक संपदेचा आणि भाड्याने दिलेल्या विमानांचा घसारा वजा केलेला असतो. समाईक आकडा बदलला नाही, त्याच्या शेजारी प्रामाणिक आकडा ठेवला. मला हा मार्ग पसंत आहे.

हे आकडे नुसते पुस्तकी नाहीत. युरोपीय संघाच्या अर्थसंकल्पातील प्रत्येक देशाचा वाटा मुख्यतः त्याच्या राष्ट्रीय उत्पन्नावरून ठरतो. २०१४ मध्ये ब्रिटनच्या मागील वर्षांच्या आकड्यांत सुधारणा झाली आणि त्याच्या हाती सुमारे २१० कोटी युरोंच्या जादा वर्गणीचे बिल पडले; पंतप्रधान कॅमेरॉन यांनी त्यावर बराच त्रागा केला. अधिक काटेकोर मोजणारा देश अधिक भरतो, असे चित्र निर्माण झाले तर काटेकोर मोजायला कोण उत्सुक राहील? म्हणून सर्वांची मोजणी एकाच वेळी आणि एकाच तपासनीसाकडून तपासली जाणे आवश्यक ठरते.

गरीब देशांना हे जमते का? पश्चिम आफ्रिकेतील सीएफए फ्रँक वापरणाऱ्या देशांकडे पाहावे. आठ देशांचे एक चलन आणि डाकार येथे एक मध्यवर्ती बँक. त्यांनी १९९८ पासून समाईक किंमत निर्देशांक सुरू केला, तो आधी प्रत्येक देशाच्या फक्त मुख्य शहरापुरता. गावोगावी जाऊन किमती गोळा करण्याइतका पैसा आणि माणसे नव्हती, आणि सगळे तयार होईपर्यंत थांबण्यापेक्षा अपुरा पण एकाच पद्धतीचा आकडा त्यांनी पसंत केला. पद्धती शिकवण्यासाठी बामाको येथे आफ्रिस्टॅट ही संस्था त्याआधी, १९९६ पासूनच काम करू लागली होती.

दक्षिण आशियाबद्दल विचाराल तर मीही तेथूनच सुरुवात करीन. सार्कचे आठ देश आज ठरवले तर काही वर्षांत राजधान्यांपुरता समाईक किंमत निर्देशांक काढू शकतात. त्यात कोणाचे फारसे गुपित उघडे पडत नाही. तुटीचे आणि कर्जाचे आकडे ही पुढची पायरी आहे. तिच्यासाठी शेजारी देशाच्या अधिकाऱ्याला आपल्या अर्थखात्याच्या, वीज मंडळांच्या आणि राज्य महामंडळांच्या वह्या उघडून दाखवाव्या लागतील, आणि ती तयारी आज दिल्लीसह कुठल्याही राजधानीत मला दिसत नाही.