संगणक-शंका : फाइल गेली कुठं?

कॉलेजं सुरू झाली की या सदराकडे येणारी पत्रं एकाच सुरात असतात. लॅबमध्ये बसून काम केलं आणि ते नंतर सापडलं नाही. लॅबचा संगणक हा एसटीतल्या सीटसारखा आहे. तुम्ही उतरलात की दुसरा बसणार, आणि विसरलेली पिशवी जाग्यावर राहीलच असं नाही. या वेळची उत्तरं या एका गोष्टीभोवतीच आहेत.

प्रश्न : प्रकल्पाची चार पानं लॅबमध्ये टाइप केली आणि डेस्कटॉपवर सेव्हही केली. दुसऱ्या दिवशी त्याच संगणकावर बसले तर फाइलच नाही. कुणी डिलीट केली असेल का?
*– बी.ए. प्रथम वर्षाची विद्यार्थिनी, कागल*

बहुतेक कुणीच केली नसावी. अनेक लॅबमध्ये 'डीप फ्रीझ'सारखं सॉफ्टवेअर असतं. संगणक रीस्टार्ट झाला की ते सगळं मूळ ठेवणीवर नेतं. विद्यार्थ्यांनी टाकलेले गेम, चुकून बदललेल्या सेटिंग, शिरलेले व्हायरस सगळे एका फटक्यात साफ होतात. त्यासोबत तुमची चार पानंही. लॅब सांभाळणाऱ्याच्या दृष्टीनं ही सोय चांगली आहे, फक्त नव्या मुलांना ती कुणी सांगत नाही.

तुमच्या लॅबमध्ये असं आहे का, हे पाच मिनिटांत तपासता येतं. डेस्कटॉपवर रिकाम्या जागी राइट क्लिक करा, 'न्यू'मधून टेक्स्ट डॉक्युमेंट घ्या, नाव द्या 'चाचणी'. डी ड्राइव्हमध्येही तशीच एक फाइल करा. मग स्टार्ट मेनूतून रीस्टार्ट करा, बटण दाबून धरून नव्हे. कोणती फाइल राहिली ते बघा. बऱ्याच ठिकाणी सी ड्राइव्ह गोठवलेला असतो आणि डी मोकळा असतो. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तिन्ही फोल्डर सहसा सी ड्राइव्हवरच असतात, म्हणून डेस्कटॉपवरची फाइल गेली. डी मोकळा असला तरी तो सगळ्यांचा आहे, हेही लक्षात ठेवा.

काम सुरू करायची पद्धत अशी ठेवा. वर्ड उघडल्यावर एक ओळही टाइप करण्याआधी एफ१२ दाबा. 'सेव्ह ॲज'ची चौकट येईल. डावीकडून तुमचा पेन ड्राइव्ह निवडा, नाव द्या आणि सेव्ह करा. त्यानंतर दर परिच्छेदाला कंट्रोल आणि एस. वर्ड आपण होऊन दर १० मिनिटांनी एक प्रत राखतं, पण ती सी ड्राइव्हवर असते. वीज गेली आणि यूपीएसनं मान टाकली, तर गोठवलेल्या संगणकावर तीही जाते. उठण्यापूर्वी तीच फाइल स्वतःच्या ईमेलला जोडून पाठवा किंवा गुगल ड्राइव्हवर चढवा. जीमेलला २५ एमबीपर्यंतची फाइल जोडता येते. चार पानांना त्याचा कणभरही लागत नाही.

आणखी एक सापळा. ईमेलमधली फाइल थेट उघडून तिच्यातच बदल केले, तर सेव्ह केलेलं काम कुठल्यातरी तात्पुरत्या फोल्डरमध्ये जाऊन बसतं आणि मेलमधली प्रत जुनीच राहते. आधी डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर ठेवा, मग तिथून उघडा.

संगणक अजून रीस्टार्ट झाला नसेल, तर वर्डमध्ये 'फाइल', 'इन्फो', 'मॅनेज डॉक्युमेंट', 'रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स' बघा. सेव्ह न करता बंद झालेली फाइल तिथं कधीकधी मिळते. तुमच्या बाबतीत मात्र रात्र उलटली आहे. पुन्हा टाइप करणं हाच उपाय.

प्रश्न : लॅबमध्ये लावल्यापासून पेन ड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत. दोन वर्षांच्या नोट्स त्यात आहेत. लई टेन्शन आलंय, फॉरमॅट मारू का?
*– बी.कॉम.चा विद्यार्थी, इचलकरंजी*

थांबा. फॉरमॅट आत्ता मारलात तर नोट्स खरोखरच जातील. आत्ता त्या फक्त लपलेल्या असण्याची शक्यता जास्त आहे. हे एका व्हायरसचं काम. तो मूळ फोल्डरना 'हिडन' करतो आणि त्याच नावाचे एक-दोन केबीचे शॉर्टकट पुढे ठेवतो. शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की व्हायरस चालतो आणि सोबत फोल्डरही उघडतो. म्हणून माणसाला काही कळत नाही.

शॉर्टकटला हात लावू नका. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स'वर टिक करा. फोल्डर फिकट रंगात दिसले तर झालं. नाही दिसले, तर 'ऑप्शन्स'मधल्या 'व्ह्यू' टॅबमध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' ही टिक काढा. काही व्हायरस फोल्डरना सिस्टिमचा शिक्का मारतात. आता डॉक्युमेंट, पीडीएफ आणि फोटो तेवढे दुसरीकडे कॉपी करा. अनोळखी नावाची, ईएक्सई किंवा व्हीबीएस शेपटाची फाइल सोबत आणू नका. कॉपी केलेल्या फोल्डरवर राइट क्लिक करून डिफेंडरचं, म्हणजे विंडोजमधल्या अँटिव्हायरसचं, स्कॅन चालवा, आणि त्यानंतर पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा.

काढताना 'इजेक्ट' करा. 'डिव्हाइस वापरात आहे' असं आलं, तर त्यातली एखादी फाइल वर्डमध्ये उघडीच राहिलेली असते.

प्रश्न : टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठीत केलेला निबंध लॅबमध्ये उघडला तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. शिवाय लॅबमध्ये मराठी टाइप करायचं तर कोणता कीबोर्ड शिकावा?
*– एम.ए. (मराठी), गडहिंग्लज*

निबंध बिघडलेला नाही. तो जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, उदाहरणार्थ कृतिदेवसारख्या, टाइप झालाय. अशा फाइलमध्ये साठवलेली अक्षरं प्रत्यक्षात इंग्रजीच असतात. फॉन्ट त्यांना मराठीचं सोंग देतो. तो फॉन्ट लॅबच्या संगणकात नाही, म्हणून सोंग उतरलं. इन्स्टिट्यूटमधल्या संगणकावरून पीडीएफ करून आणलीत तर छपाईचं काम भागेल, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत येतो. मजकुरात दुरुस्ती करायची असेल, तर कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्या आणि नंतर जोडाक्षरं, रफार नि ऱ्हस्व वेलांट्या डोळ्यांनी तपासा. गडबड तिथंच होते.

नवीन काम युनिकोडमध्येच करा. विंडोजच्या सेटिंगमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', 'लँग्वेज', 'ॲड अ लँग्वेज' इथून मराठी घ्या. मग विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजी-मराठी बदलतं. गोठवलेल्या लॅबमध्ये ही सेटिंगही रीस्टार्टला उडते. लॅब असिस्टंटना एकदा कायमची घालून द्यायला सांगा.

कीबोर्ड दोन. महिन्याला दोन अर्ज लिहायचे असतील तर फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी उमटवणारा, पुरे. विंडोज १०च्या २०१९च्या मे अपडेटपासून तो मराठीसाठी विंडोजमध्येच मिळतो. एम.ए.चा प्रबंध लिहायचा असेल तर इन्स्क्रिप्ट शिका. सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस बोटं रडवतात, हे खरं. पण त्यात तर्क आहे : स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि अक्षरं उच्चाराच्या क्रमानं.

'कोल्हापूर' करून बघा. इंग्रजी कळांची नावं धरली तर क्रम असा : के (क), ए (ओकार), एन (ल), डी (हलन्त), यू (ह), ई (काना), एच (प), टी (दीर्घ उकार), जे (र). नऊ कळा. मधला 'डी' हाच जोडाक्षराचा डिंक. 'ल'ला हलन्त लावला आणि पुढे 'ह' आला की 'ल्ह' आपोआप होतं. 'प्र' हवा असेल तर एच, डी, जे. रफारही याच डिंकानं होतो, 'र' आधी आणि हलन्त नंतर. 'सूर्य'मधला 'र्य' म्हणजे जे, डी आणि तिरक्या रेघेची कळ.

'दुसऱ्या'मधला 'ऱ्य' मात्र वेगळा आहे, आणि इथंच मराठी टाइप करणारे अडतात. तिथं शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ. शिफ्ट विसरलात तर 'दुसर्या' होतं आणि अर्ध्या महाराष्ट्राच्या फ्लेक्सवर असतं तसं दिसतं.

टाइपरायटरच्या रेमिंग्टन पद्धतीवर हात बसला असेल, तर एक सवय मोडावी लागेल. तिथं ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारतात, कारण ती कागदावर आधी दिसते. इन्स्क्रिप्टमध्ये ती नंतर, कारण ती नंतर उच्चारली जाते. आधी मारलीत तर ती मागच्या अक्षराला चिकटते, नाहीतर ठिपक्यांच्या गोलावर एकटीच लटकते. तो गोल दिसला की समजा, क्रम चुकला.

झेरॉक्सच्या दुकानात छापायला न्यायच्या आधी 'लेआउट'मधून कागद ए४ आहे ना ते बघा. वर्डमध्ये कधीकधी 'लेटर' असतो आणि ऐनवेळी पानं सरकतात.

प्रश्न : वय ४२. मुक्त विद्यापीठातून शिक्षण परत सुरू केलंय. माउसचं डबल क्लिक जमत नाही, मुलं हसतात. चुकीचं काही दाबलं गेलं तर संगणक बिघडेल का?
*– गृहिणी, गारगोटी*

ताई, डबल क्लिकची गरजच नाही. चित्रावर एकदा क्लिक करा आणि एंटर दाबा, तेच काम होतं. दोन क्लिकच्या मध्ये माउस हलतो म्हणून ते फसतं. मनगट टेबलावर टेकवलं तर हलत नाही. चूक झाली तर कंट्रोल आणि झेड, मागचं पाऊल परत. कळा दाबून संगणक मोडत नाही. सांभाळायचं ते एवढंच की भिंतीवरचं बटण बंद करून संगणक बंद करायचा नाही, आणि 'डिलीट करू का' असं विचारलं तर वाचल्याशिवाय 'येस' नाही.

प्रश्न : टर्बो सी मध्ये प्रोग्रॅम चालवला की आउटपुट दिसायच्या आत गायब. माउसही त्या खिडकीत अडकून पडतो.
*– बी.सी.ए., राजारामपुरी*

टर्बो सी हे 'सी' भाषेत प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर, विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळातलं. आताच्या विंडोजवर ते डॉसबॉक्स या डॉसचं सोंग घेणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आत चालतं, म्हणून हे सगळे चाळे. माउस सोडवायला कंट्रोल आणि एफ१०, पूर्ण पडद्यावरून बाहेर यायला आल्ट आणि एंटर. कंट्रोल आणि एफ९ नं प्रोग्रॅम चालतो, संपतो आणि लगेच एडिटर परत समोर येतो. आउटपुट मागे असतंच; आल्ट आणि एफ५ दाबून बघा. शेवटी 'गेटसीएच' लिहिलंत तर कळ दाबेपर्यंत पडदा थांबतो.

एरर दाखवलेल्या ओळीत काहीच चुकलेलं नसेल, तर तिच्या वरची ओळ बघा. अर्धविराम नसला की वाक्य संपलं हे कंपायलरला, म्हणजे प्रोग्रॅम वाचून संगणकाच्या भाषेत नेणाऱ्याला, पुढच्या ओळीवर गेल्यावरच कळतं, आणि तो बोट तिथं ठेवतो.

फाइलचं नाव आठ अक्षरांच्या आत ठेवा, डॉसला त्याहून मोठं झेपत नाही. बहुतेक ठिकाणी प्रोग्रॅम सी ड्राइव्हवरच्या टर्बो सीच्या 'बिन' फोल्डरमध्ये सेव्ह होतात, म्हणजे पुन्हा पहिल्या प्रश्नातलंच दुखणं. तास संपायच्या आत पेन ड्राइव्हवर घ्या. डॉसबॉक्स चालू असताना बाहेरून टाकलेली फाइल आत दिसत नसेल, तर कंट्रोल आणि एफ४.

घरी कोड ब्लॉक्स या नव्या सॉफ्टवेअरवर तोच प्रोग्रॅम चालला नाही तर बहुधा पडदा पुसणारं 'सीएलआरएससीआर' नडतं. ते टर्बो सीचं खास फंक्शन आहे. ती ओळ काढून टाका.

प्रश्न : गावातल्या दूध संस्थेची बिलं लॅबमध्ये एक्सेलवर करून बघतोय. सभासदांचे १६ आकडी खाते क्रमांक टाकले तर शेवटचा आकडा शून्य होतो. बेरजेतही पैशांचा फरक येतो.
*– बी.कॉम. अंतिम वर्ष, करवीर तालुका*

एक्सेल संख्येचे १५च आकडे नेमके धरतं, सोळावा शून्य करतं. खाते क्रमांक ही बेरीज करायची संख्या नाही, तो मजकूर आहे. टाइप करण्याआधी पूर्ण रकाना निवडून 'फॉरमॅट सेल्स'मध्ये 'टेक्स्ट' करा. मग सुरुवातीची शून्यंही टिकतात. कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येईल, येऊ दे. आधीच शून्य झालेले आकडे फॉरमॅट बदलून परत येत नाहीत; पासबुक घेऊन पुन्हा टाका. आयएफएस कोडमध्ये पाचवं चिन्ह शून्य असतं, इंग्रजी 'ओ' नव्हे. हेही याच बैठकीत तपासा.

आता पैसे. समजा लिटर सी रकान्यात आणि दर डी मध्ये आहे. नुसता गुणाकार केला की पडद्यावर दोन दशांश दिसले तरी आत तीन-चार असतात, आणि बेरीज आतल्यांची होते. म्हणून प्रत्येक ओळीतच 'राउंड' वापरा : =राउंड(सी२*डी२,२). टाइप अर्थातच इंग्रजी कीबोर्डवर करायचं. पहिल्या ओळीत सूत्र घालून चौकटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला ठिपका खाली ओढा. सगळ्यांना एकच कपात लावायची असेल, तर ती एका घरात लिहा आणि सूत्रात त्या घराचं नाव टाकल्यावर एफ४ दाबा. डॉलरची चिन्हं येतात आणि ओढताना ते घर सरकत नाही.

फॅट लिहिताना वहीतल्या सवयीनं ४-५ लिहू नका. एक्सेल त्याची तारीख करतं. ४.५ असंच लिहा. घरात नुसते #### दिसले तर हिशोब चुकलेला नाही, रकाना अरुंद आहे. वर रकान्याच्या अक्षराच्या उजवीकडच्या रेघेवर डबल क्लिक करा.

प्रश्न : लॅबमध्ये जीमेल चालूच राहिलं आणि आता मी घरी आहे. काय करू?
*– विद्यार्थिनी, शाहूवाडी*

मोबाइलवर गुगल अकाउंट उघडा, 'सिक्युरिटी'मध्ये 'युवर डिव्हायसेस' बघा, लॅबचा संगणक निवडून 'साइन आउट' करा. व्हॉट्सॲप वेबही चालू राहिलं असेल तर फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून काढा. मग पासवर्ड बदला. पुढच्या वेळी लॅबमध्ये क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून इन्कॉग्निटो, म्हणजे बंद केल्यावर लॉग इन विसरणाऱ्या, खिडकीतच लॉग इन करा आणि उठताना त्या सगळ्या खिडक्या बंद करा. एक उघडी राहिली तरी लॉग इन तसंच राहतं. डाउनलोड केलेली मार्कशीट मात्र इन्कॉग्निटो पुसत नाही, ती हातानं डिलीट करून रिसायकल बिनही रिकामा करा.